अकरा नंबर

आम्ही नऊ जणी व्हॉलीबॉल खेळण्याचा पगार घेत होतो असं सांगितलं की लोकांना मी थापा मारते आहे असं वाटतं. थापा नाहीत. जळगावच्या बाहेर, जिथे तेव्हा नुसती केळीची शेतं आणि विटांच्या भट्ट्या होत्या, तिथे आमची सूतगिरणी होती आणि गिरणीच्या चेअरमनसाहेबांना कुठूनतरी वाटलं की आपल्या नावाचा एक मुलींचा संघ असावा. मुलांचे संघ गल्लोगल्ली होते, त्यात कोण विचारणार. म्हणून आम्ही. हजेरीपटावर आमची नावं रिंगफ्रेम खात्यात होती. अर्धी शिफ्ट तुटलेले धागे सांधायचे आणि उरलेली अर्धी शिफ्ट, कापसाच्या गाठी उतरवतात त्या आवारात, दोन लोखंडी पाइपांना बांधलेल्या जाळीपाशी नानांच्या शिव्या खायच्या. नाना म्हणजे आमचे टाइमकीपर. तरुणपणी पोलिसांच्या संघातून खेळलेले, गुडघा गेल्यावर गिरणीत आलेले. शिव्या म्हणजे तरी काय, ‘भाकरी थापतेस का चेंडू मारतेस’ एवढीच त्यांची झेप. मी लिफ्टर होते, म्हणजे पहिलीने अडवलेला चेंडू मी वर उचलून द्यायचा आणि तिसरीने तो हाणायचा. मला वाटतं धागे सांधून सांधून माझी बोटं हलकी झाली होती. निदान नाना तसं म्हणायचे, आणि नानांनी केलेलं कौतुक मोजकं असल्यामुळे ते मी अजून सांभाळून आहे.

घर गिरणीच्याच चाळीत, दीड खोलीचं. आबा काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलायचे, आणि बोलण्याच्या बाबतीतही माणूस तोलूनमापूनच. माय बोलायची तेवढं दोघांचं. पहाटेच्या भोंग्याआधी तिची भाकरी थापण्याची थपथप सुरू व्हायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्यावर मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. ज्या दिवशी वांगी भाजायची त्या दिवशी चाळभर वास जायचा आणि शेजारच्या दोन घरांतून वाट्या यायच्या. गिरणीच्या आवाजाने आम्ही सगळेच जरा बहिरे होतो, त्यामुळे घरात ‘मीठ दे’ हेसुद्धा भांडण काढल्यासारखं मोठ्याने म्हटलं जायचं. केसांत कापूस, डाळीत कापूस, आबांच्या भुवयांवर कापूस. सणाला घरी आलेल्या मामाने एकदा विचारलं होतं की तुम्ही लोक पांढरे कधीपासून व्हायला लागलात.

त्या दीड खोलीत चौथं माणूस होतं सुशी. ती आमच्या नात्याची नव्हती. एरंडोलकडच्या एका खेड्यातली, शिंदखेड्याकडे दिलेली, दोन वर्षं नांदून परत आलेली. भावाने तिला गिरणीत गाठी उतरवण्याच्या कामाला लावून दिलं आणि राहायची सोय म्हणून आबांच्या गळ्यात घातलं, कारण आबांना नाही म्हणता येत नसे. सासरी काय झालं होतं ते तिने कधी सांगितलं नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती, ती मोडून तशीच सांधली गेली होती. माय एकदा ती करंगळी हातात घेऊन नुसती बसली होती. संघात ती आली ती अशी, की आमचा एक चेंडू जाळीबाहेर गाठींकडे गेला आणि डोक्यावरचं ओझं एका हाताने धरून तिने दुसऱ्या हाताने तो असा परत मारला की जाळीवरून येऊन नानांच्या पायाशी पडला. नाना त्या दिवशी शिवी द्यायची विसरले. दुसऱ्या महिन्यात ती आमची मुख्य स्मॅशर होती, आणि मी उचललेला चेंडू ती मारणार हे इतकं ठरून गेलं की आम्ही बोलायचोसुद्धा नाही. रिंगफ्रेमच्या आवाजात बायका हातांच्या खुणांनी बोलतात, त्याच खुणा आम्ही कोर्टावर करायचो. समोरच्या संघांना वाटायचं आम्ही काही मोठे डाव आखतो आहोत. पुष्कळदा सुशी एवढंच विचारत असायची की आज डब्यात काय आहे.

आता कपड्यांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. चेअरमनसाहेबांना पांढरा रंग आवडायचा. त्यांचं धोतर पांढरं, मोटार पांढरी, तेव्हा आमच्या अर्ध्या पँटीही पांढऱ्या. वर पिवळा शर्ट. शर्टावर नंबर आणि पँटीवरही तोच नंबर शिवलेला, त्यामुळे ज्या नंबराची पँट त्याच नंबराचा शर्ट घालावा लागे. नऊ मुली, महिन्याचे तीस दिवस आणि पांढऱ्या पँटी. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्या डोक्यात हा हिशेब येणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही कशा खेळलो ते आठवत नाही, आठवायचंही नाही. अमळनेरला एक जण सामना सोडून रडत निघून गेली आणि लोकांना सांगितलं की चक्कर आली. शेवटी मी नानांच्या बायकोला सांगितलं, तिने नानांना सांगितलं, आणि आठ दिवसांनी नानांनी माझ्याकडे न बघता एक पुडकं पुढे केलं. म्हणाले, दोन जोड जास्तीचे शिवलेत, कोणाला लागले तर घाला. पँटी गडद निळ्या, नंबर अकरा आणि बारा. त्यानंतर जिची अडचण असेल ती अकरा किंवा बारा नंबर व्हायची. चार-पाच दिवस झाले की आपल्या जुन्या नंबरावर परत. याविषयी आम्ही एकदाही बसून काही ठरवलं नाही, ते आपोआप झालं. स्थानिक स्पर्धांत कोणी हरकत घेतली नाही. एका वार्ताहराने मात्र लिहिलं की गिरणी संघाची अकरा नंबरची खेळाडू चतुरस्र असून ती कधी मागे तर कधी जाळीपाशी खेळते. खरं म्हणजे त्याने चार वेगवेगळ्या मुली पाहिल्या होत्या, त्यातली एक त्याच्या खांद्याला लागेल एवढी बुटकी.

याचा परिणाम असा झाला की आमच्यात नंबराला काही अर्थच उरला नाही. दुसऱ्या संघातल्या मुली एकमेकींना नंबराने ओळखायच्या. आम्हाला नंबर दिसायचाच नाही, पँटीचा रंग तेवढा दिसायचा, आणि तो दिसला की त्या मुलीला त्या दिवशी खाली पडून चेंडू काढायला लावायचं नाही एवढं कळायचं.

तीन वर्षांत आम्ही बऱ्यापैकी संघ झालो. सुरुवातीला भुसावळला शाळकरी मुलींकडून हरलो होतो, मग त्याच मैदानावर जिंकलो. चाळीसगाव जिंकलं, अमळनेर जिंकलं. कप गिरणीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात, आणि हिशेबनीस पाहुण्यांना चहाआधी ते कपाट दाखवायचे. फक्त धुळ्याच्या संघाकडून आम्ही दोनदा हरलो होतो. त्या मुली उंच होत्या, त्यांचे मॅनेजर वही घेऊन बसायचे आणि आमचा एकेक चेंडू लिहून घ्यायचे. त्या वर्षी विभागीय स्पर्धा धुळ्यातच होती. चेअरमनसाहेबांनी निघताना आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की जिंकून आलात तर मैदानावर उतरणाऱ्या सहाही जणी कायम. हरलात तर संघाचा विचार करावा लागेल, कारण संचालकांना हा खर्च पटत नाही. कायम हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा मुलाच्या शिक्षणाआधी विचारला जायचा. पण सुशीच्या बाबतीत तो आणखी वेगळा होता. तिच्या सासरच्यांनी निरोपावर निरोप धाडले होते आणि तिच्या भावाने त्यांच्याशी ठरवून टाकलं होतं, की नोकरी कायम झाली तर ती इथेच राहील, नाहीतर या चैताआधी तो तिला स्वतः नेऊन पोचवेल. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बसमध्ये धुळ्यापर्यंत सुशी खिडकीपाशी शेंगा सोलत होती आणि सोलून मला देत होती.

अंतिम सामना संध्याकाळी. गिरणीतून ट्रक भरून माणसं आली होती, चेअरमनसाहेब पुढच्या सोफ्यावर, आबाही आले होते, सगळ्यांच्या मागे उभे. त्या दिवशी सुशी अकरा नंबर होती, मी माझी नेहमीची चार. दोन गेम त्यांनी घेतले, दोन आम्ही. पाचव्या गेमआधी कॅप्टन म्हणून मी कोण कुठल्या जागी उभी राहणार त्याची चिठ्ठी लिहून टेबलावर दिली. सर्व्हिसची पहिली जागा अकरा, पुढे बाकीच्या, चौथ्या जागी मी. चिठ्ठी देऊन आम्ही पाणी प्यायला शाळेच्या वर्गात गेलो, तिथेच आमचे कपडे ठेवलेले होते. आणि तिथे माझ्या पोटात ती ओळखीची कळ आली. आठ दिवस आधीच. बारा नंबरचा जोड दुसरीच्या अंगावर होता. मी बाकाला धरून उभी राहिले. सुशीने माझ्या तोंडाकडे बघितलं, बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि स्वतःची निळी पँट उतरवायला लागली. म्हणाली, ‘मनं सरी गयं. तू घाल.’ तिचे दिवस सरले होते. दोन मिनिटांत मी अकरा झाले आणि ती चार. शिट्टी झाली, आम्ही पळालो. टेबलावरच्या चिठ्ठीची आठवण मला झाली नाही, तिलाही झाली नाही. नंबर ही आमच्या लेखी लक्षात ठेवायची गोष्टच नव्हती.

तेव्हा आपली सर्व्हिस असेल तरच पॉइंट मिळायचा. पाचव्या गेममध्ये सुशी जे खेळली ते मी पुन्हा कोणाचं पाहिलं नाही, आणि मी पुढे वीस वर्षं तरी सामने बघायला जात होते. तिच्या दोन फेऱ्यांत तिच्या सर्व्हिसवर आठ पॉइंट आले. गिरणीची माणसं पत्र्याचे डबे बडवत होती. तेरा-नऊ असे आम्ही पुढे होतो, ती तिसऱ्यांदा सर्व्हिसला गेली, आणि धुळ्याचे मॅनेजर वही घेऊन उठले. टेबलावर पॉइंट मांडणारे गुरुजी सुशीला चेहऱ्याने ओळखत होते, चार गेम तीच पहिल्या जागी होती, म्हणून त्यांनी नंबर बघितलाच नव्हता. मॅनेजरनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. पहिल्या जागी अकरा लिहिलंय आणि सर्व्हिस चार नंबर करते आहे.

मुख्य पंच नाशिकचे होते, वयस्कर, शाळेत खेळाचे मास्तर असावेत. ते उंच स्टुलावरून खाली उतरले. मला बोलावलं. त्यांचा आवाज चांगला होता हे मला आजही सांगावंसं वाटतं. म्हणाले, ‘मुली, तुम्ही दोघींनी मध्येच कपडे बदललेत. काहीतरी कारण असणार. कारण सांग, मी टेबलावर लिहून घेतो आणि चिठ्ठी दुरुस्त करतो. नाहीतर हिच्या सर्व्हिसचे सगळे पॉइंट मला काढावे लागतील.’ आजूबाजूला टेबलावरचे गुरुजी, ते मॅनेजर, लाइनवरची दोन पोरं, उठून आलेले चेअरमनसाहेब, त्यांचा ड्रायव्हर. सगळे माझ्याकडे बघत होते. नाना दोन पावलांवर होते. नानांना कारण माहीत होतं, ते पुडकं त्यांनीच दिलं होतं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. सुशी माझ्या शेजारी उभी होती, चेंडू कडेवर धरून. ती माझ्याकडे बघत होती. घाई करत नव्हती, नुसती वाट बघत होती.

माझ्या तोंडात शब्द तयार नव्हता. तो शब्द मी आबांसमोर कधी उच्चारला नव्हता, घरात तो ‘बाजूला बसली’ असाच होता, आणि आबा तिथे मागे उभे होते. मला भीती वाटत होती का? नाही. लाज वाटत होती का? ती नंतर वाटली, पुष्कळ वाटली, अजून वाटते. पण त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं, कान गिरणीतून बाहेर आल्यावर होतात तसे झाले होते. मी म्हणाले, ‘कारण काही नाही सर. चूक माझी आहे.’ पंचांनी आणखी एकदा विचारलं. मी तेच म्हणाले. त्यांनी सुशीकडे पाहिलं आणि तिलाही विचारलं, तुला काही सांगायचंय का. तिने मान हलवून नाही म्हटलं.

आठ पॉइंट गेले. पाच-नऊ झालं. त्यानंतर मी चेंडू उचलत राहिले आणि ती मारत राहिली, आम्ही आणखी दोन घेतले, त्यांनी सहा घेऊन पंधरा पुरे केले. संपल्यावर धुळ्याच्या मुलींनी हात मिळवले, मी नीट मिळवले, प्रत्येकीचं नाव विचारलं. ट्रकमध्ये कोणीतरी शेवभाजी आणि पाव आणले होते, ते मी पोटभर खाल्ले. बाकीच्या मुली रडत होत्या आणि मला त्यांचा आवाज नकोसा झाला होता एवढंच आठवतं. आबांनी घरी आल्यावर विचारलं, दमलीस का. मी म्हटलं, नाही.

पुढच्या आठवड्यात संघ बंद झाल्याची नोटीस लागली, जाळी काढली. आणि मग मला ऑफिसात बोलावलं. चेअरमनसाहेबांनी हिशेबनीस, नाना, दोन संचालक सगळ्यांना उभं करून सांगितलं की सामना गेला त्याचं वाईट वाटतं, पण एवढ्या गर्दीत, जिंकत असताना, या मुलीने कोणावर ढकललं नाही, चूक माझी म्हणून खरं बोलली. अशी माणसं गिरणीला हवीत. माझी अकरावी झालेली होतीच. मला टाइम ऑफिसात कायम केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नानांनीही वाजवल्या. निवृत्त होईपर्यंत मी त्याच टेबलावर होते, आणि निरोपाच्या समारंभात माझ्या खरेपणाची ती गोष्ट कोणीतरी पुन्हा सांगितली, ऐकीव, थोडी मीठमसाला लावून. मी तेव्हाही हार घालून घेतला. मुलांनी तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, त्याच्याच खाली बसून मी हे लिहिते आहे.

कायम झाल्याचं पत्र घरी आणलं त्या दिवशी मायने शिरा केला. सुशीने वाढला. मला दोनदा वाढला. मायला आनंद झाला होता आणि तो लपवताही येत नव्हता, सुशीसमोर दाखवताही येत नव्हता, म्हणून ती सारखी उठून चुलीकडे जात होती. आबा म्हणाले, बरं झालं.

तिचा भाऊ ठरल्याप्रमाणे आला. चांगला माणूस होता, येताना मायला गूळ घेऊन आला. त्याने सांगितलं की तिकडचे लोक आता समजुतीचे झालेत. सुशीने हो म्हटलं. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी एवढंच सामान होतं. मायने तिला दोन लुगडी दिली, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा दिला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी बसस्टँडपर्यंत गेले. मला दुपारी दोनची ड्यूटी होती, म्हणून मी घड्याळ बघत होते, हे सांगायला नको पण खरं आहे. शिंदखेड्याकडे जाणारी धुळ्याची गाडी लागली, भाऊ पेटी घेऊन टपावर चढला. सुशी खाली माझ्यापाशी उभी राहिली. तिने कधी त्या सामन्याचा विषय काढला नव्हता, घरात एकाच गोधडीत झोपत असूनही नाही. मीही काढला नव्हता. मला वाटलं आता तसंच राहील.

ती म्हणाली, ‘माले सांगता येत व्हतं, कमल. पन ती गोट तुनी व्हती.’

ती गोष्ट तुझी होती, असं म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. कंडक्टरने घंटी मारली, ती चढली, खिडकीशी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी बघत होती तशीच, अजून वेळ आहे अशा तऱ्हेने. गाडी हलली. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी चालत चालत मोठ्याने म्हणाले, ‘पोचलीस की पत्र टाक.’

ती हो म्हणाली. तिला लिहिता येत नव्हतं, हे मला माहीत होतं.